छोट्या लाइनचे पाच डबे

परातेभाऊंना मी कधी खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात ते यायचे तेव्हा बाहेर त्यांची स्कूटर चालूच असायची. गल्ली अशी की एक स्कूटर उभी राहिली तर दुसरीला मागं सरकावं लागतं. तरी हे आत येऊन "एकच मिनिट, मॅडम" म्हणायचे आणि उभ्या उभ्या अर्धा तास बोलायचे. बाहेर हॉर्न, आत यांचं बोलणं. शेवटी कुणीतरी वैतागून त्यांची स्कूटर बंद करायचा आणि चावी माझ्या कंपाउंडरच्या हातात आणून द्यायचा.

"अहो, बसा ना," मी म्हणायची.

"बसाले वेळ कोणापाशी हाय, मॅडम?"

आणि हे म्हणताना हात माझ्या टेबलावर. पेन उचल, टोपण काढ, टोपण लाव, स्टेपलर उघड, मिट. ते गेले की टेबल आवरायला मला वेगळा वेळ काढावा लागे. एकदा मी सरळ सांगितलं की पुढच्या वेळी हात खिशात घालून या. ते हसले आणि खिशातल्या चाव्या वाजवत उभे राहिले.

त्यांचं पूर्ण नाव दिवाकर पराते. मूळचे सावनेरजवळच्या खाप्याचे, घरात हातमाग. इतवारीत त्यांची दातांची लॅब होती. आम्ही दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतो आणि पेशंटची वाहवा घेतो. त्या मापावरून कॅप, ब्रिज, कवळी प्रत्यक्ष घडवतात ती परातेभाऊंसारखी माणसं. पेशंटला त्यांची नावंही ठाऊक नसतात. परातेभाऊंना मात्र त्याचं वाईट वगैरे वाटत नसे. स्वतःचं कौतुक ते स्वतःच भरपूर करून घेत. "हा दात पाहा मॅडम, देवानं दिला असता तं इतका बरोबर नसता दिला," असं म्हणून डबी माझ्या नाकाशी धरत. मेणात दात कोरण्यात त्यांचा हात होताच तसा. पुढे ते सगळं सोडून त्यांनी कॉम्प्युटर घेतला, स्कॅनर घेतला, रेझिनचे दात छापणारा प्रिंटर घेतला. आमच्या भागातल्या लॅबवाल्यांत पहिले तेच. आम्ही सगळ्या डॉक्टरांनी वाखाणलं: या वयात काय हौस, काय नवं शिकायची तडफ!

डब्यांचं प्रकरण मला कळलं ते एका घोटाळ्यातून. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई माझ्या खुर्चीत आ करून बसलेल्या. त्यांचा खालचा ब्रिज आज बसवायचा होता. लॅबमधून आलेली डबी मी उघडली, तर आत कापसावर करड्या रंगाची एक पट्टी. बोटभर लांब, तिला ओळीनं खिडक्या, खिडक्यांना केसासारखे बारीक गज. बाईंनी ती पाहिली आणि तोंड मिटलं.

"डॉक्टर, हे तुम्ही मला लावणार आहात?"

मी फोन केला. पलीकडून "अरे बाप्पा," आणि दहा मिनिटांत ते स्वतःच धापा टाकत हजर. खरा ब्रिज त्यांच्या हातात होता, दुसऱ्या हातात चिमुकल्या चाकांचा एक सांगाडा, चासी.

"सापडला मॅडम. चासीवर ठेवला होता. बरोबर बसला त्याच्यावर, म्हणून ध्यानातच नाही आलं."

रागवावं की हसावं या विचारात बाई होत्या. परातेभाऊंनी तेवढ्यात त्यांना चासी दाखवायला सुरुवात केली. हे पाहा, ही चाकं फिरते. ही जपानातून आली. आता वरचा डबा मी करून राहिलो. बाईंनी चष्मा लावला, पाहिलं, आणि ब्रिजचं काम तासभर पुढे गेलं.

त्यांचा धंदा असा होता की प्रिंटरच्या प्लेटवर एका वेळी पंधरावीस दात निघायचे आणि कडेला जागा उरायची. त्या उरल्या जागेत परातेभाऊ आगगाडीच्या डब्याचे तुकडे छापायचे. ही आगगाडी म्हणजे आपल्या इतवारीहून सावनेरकडे जाणारी छोटी लाइन, नॅरोगेज. ती आता बंद झाली, तिथे रुंद रूळ आले. खेळण्यातल्या आगगाड्या बनवणारे परदेशी कारखाने काही ही छोटी लाइन बनवत नाहीत, मग तिची चासी कुठून आणायची? यावर अशा गाड्या करणाऱ्या हौशी मंडळींनी एक युक्ती काढलेली आहे. लहान मापाच्या मोठ्या लाइनच्या गाडीची तयार चासी घ्यायची आणि तिच्यावर मोठ्या मापाचा छोट्या लाइनचा डबा बसवायचा. रुळांची रुंदी बरोबर जुळते. मला हे समजायला दोन वेळा ऐकावं लागलं. परातेभाऊंनी चार वेळा सांगितलं.

"म्हणजे चासी विकतची, डबा मशीननं छापलेला," मी चिडवलं. "मग यात तुमचं काय?"

"लगन," ते म्हणाले. "चासी जपानातली, डबा इतवारीतला. दोघायनं एकमेकाले पाह्यलं नाही कधी. जमवून तं मीच देतो ना."

आणि ते खरंच जमत नसे सहजी. चासी जरा लांब, तर तिची टोकं डब्याबाहेर डोकावत. चाकं जरा उंच, तर डबा उंटावर बसल्यासारखा. ते कानशीनं घासत, परत छापत, परत बसवत.

गंमत अशी की छोट्या लाइनवर त्यांचं प्रेम होतं असं मुळीच नाही. तरुणपणी ते एका डॉक्टरांकडे काम शिकायला तिनं रोज नागपुरात येत आणि रोज तिला शिव्या घालत. गाडी इतकी हळू की पाटणसावंगीच्या पुढे ते उतरून तिच्या बाजूनं चालायला लागायचे. आतले लोक खिडकीतून ओरडायचे, "बस ना गा दिवाकर, आली इतवारी!" आणि हे बाहेरून उत्तर द्यायचे, "तुमी या, मी पोचतो!" एकदा म्हणे खरंच स्टेशनात गाडीच्या आधी जाऊन उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, काहून उशीर झाला? अशा माणसानं म्हातारपणी सगळ्या गाड्या सोडून नेमकी हीच करायला घ्यावी, याचं मला फार हसू यायचं. तसं मी बोललेही.

"थे हळू होती म्हणूनच तं सारी दिसली मले," ते म्हणाले. "बाहेरून चालून पाह्यली हाय मी."

ठरलं होतं पाच डब्यांचं. सकाळची गाडी इतवारीत शिरायची तशी, पाच डबे, रंगासकट. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. माडीवरच्या खोलीत खिडकीशी टेबल आणि टेबलावर पहिला डबा. मी उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. दाराच्या बाजूचे दांडे वेगळे लावलेले, सुईच्या टोकाएवढे. खिडक्यांचे गज एकेक बसवलेले. खाली चासी चार स्क्रूंनी घट्ट, आणि स्क्रू तिळाएवढे.

"आता उरलेले चार होतीलच," मी म्हटलं.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "कायचे होते, बाई? तीन वेळा दुसरा डबा केला ह्यायनं. झाला की तोडते. म्हणते, अजून सोपा पायजे."

पुढची दोन-तीन वर्षं मी हेच पाहिलं. दुसरा डबा व्हायचा आणि मोडायचा. नव्या डब्याचे गज वेगळे लावलेले नसत, भिंतीतच छापलेले असत, त्यामुळे जाड. मग दांडेही भिंतीतच गेले. मग छतसुद्धा वेगळं राहिलं नाही. मग स्क्रू गेले आणि चासी खालून दाबली की टक्कन बसणारी खुंटी आली. प्रत्येक नवा डबा आधीच्यापेक्षा ओबडधोबड. मला राग येई. धरसोड किती करावी माणसानं? एवढा देखणा पहिला डबा डोळ्यांसमोर असताना याला बिघडवायचं काय सुचतं?

"पहिला जास्त सुंदर होता," मी एकदा तोंडावर सांगून टाकलं.

त्यांनी खोलीत एक चक्कर मारली, पंखा लावला, बंद केला.

मग त्यांची दाढ दुखायला लागली. दात घडवणारा माणूस स्वतःच्या दातांची जेवढी हेळसांड करतो तेवढी मिठाईवालाही करत नसेल. दोन आठवडे लवंग धरून काढल्यावर एका सकाळी आले. मी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस भरला, नळी लावली, आणि दटावलं, "आता हलायचं नाही. हात बाजूला ठेवा."

त्यांनी उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. मी मशीन सुरू केलं आणि नजर खाली गेली. हात हलत होता. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत होतं, सारखं, एका लयीत, जणू चिमटीत वात वळणं चाललंय. तो हात त्यांचा असल्यासारखा वाटत नव्हता. दुसरा अगदी शांत होता.

मी मशीन बंद केलं. "किती दिवसांपासून?"

तोंडात कापूस, नळी, माझा आरसा. उठून चक्कर मारायची सोय नाही, पेन उचलायची सोय नाही. ते छताकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळं बाहेर काढलं, खुर्ची सरळ केली.

"कामात असला की नाही हालत," ते म्हणाले. "ठेवला की हालते. म्हणून ठेवतच नाही."

"पण तुम्ही तर आधीपासूनच असे..."

"थेच तं बरं झालं ना, मॅडम. जलमभर चुळबुळ केली. आता कोणाले शंकाच येत नाही."

डॉक्टरांना दाखवून झालं होतं, पार्किन्सन म्हणून निदान झालं होतं, गोळ्या सुरू होत्या. सुरुवात जुनी होती. मेणात कोरताना चाकूचं टोक एकदा सटकलं, पुन्हा सटकलं, तेव्हाच त्यांनी कोरणं थांबवलं आणि कॉम्प्युटर आणला. ज्याची आम्ही नव्याची हौस म्हणून तारीफ करत होतो, ते हे होतं. आणि आता तर कामात असतानाही हात अधूनमधून ऐकेनासा झाला होता.

"तुमाले पहिला डबा आवडला होता," ते म्हणाले. "मलेही आवडते. त्याचे गज एकेक लावले होते मी. आता नाही लावता येत. म्हणून भिंतीतच छापले. स्क्रू पकडता येत नाही, तं खुंटी केली. जाड दिसते, माहीत हाय मले. तुमाले काय वाटलं, मले दिसत नाही?"

ते आता थांबायला तयार नव्हते.

"पोरगी म्हणते, बंगलोरले करून देणारे लोक हायेत, त्यायच्याकडून करून घेऊ. घेऊ ना. पण मंग माही काहून म्हणू? पाच डबे माह्या हातचे पायजे. हात जसा हाय तसा, पण माहा." मग आवाज खाली करून, "सुमनले सांगू नोका. तिले माहीत नाही."

दाढ मी दुसऱ्या दिवशी काढली. आठवडाभरानं त्यांची चौकशी करायला घरी गेले तर ते लॅबमध्ये गेलेले. सुमनवहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कढईत भाजी परतत होत्या. पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाल्या, "तुमाले सांगितलं वाटते त्यायनं. हाताचं."

त्यांनी गॅस बारीक केला.

"मले माहीत हाय, बाई. ताटातला घास धरला की दिसते ना. त्यायले वाटते, मले नाही माहीत. राहू द्या. लपवण्यात तेवढा वेळ जाते त्यायचा."

मग डबे झपाट्यानं होत गेले. खुंटीवाली चासी, अंगाशीच गज, एकसंध छत. रंग तेवढा हातानं, आणि कडा जरा वाकड्यातिकड्या आल्या की ते म्हणायचे, खऱ्या गाडीचाही रंग कुठं सरळ होता. दिवाळीनंतर सीताबर्डीत एका शाळेच्या हॉलमध्ये छोट्या गाड्यांच्या वेडाची मंडळी जमायची होती. मोठं टेबल, त्यावर गोल रूळ, प्रत्येकानं आपापली गाडी आणून फिरवायची. परातेभाऊंनी नाव दिलं. आणि मग पंधरा दिवस त्यांना चैन पडेना, कारण त्या मंडळींचा एक रिवाज होता: ज्याचा डबा, त्यानंच रुळावर ठेवायचा. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही, कुणी म्हटलं तरी नाही. एवढीएवढीशी चाकं, दोन्ही टोकांना, एकाच वेळी बोटभर रुंदीच्या रुळावर बरोबर बसली पाहिजेत. सगळ्यांसमोर. पाच वेळा.

त्यांनी त्यावरही उपाय छापला. एक छोटीशी घसरगुंडी. ती रुळावर टेकवायची, वरून डबा सोडायचा, डबा आपोआप रुळावर उतरतो. घरी त्यांनी मला तो खेळ दाखवला. पाचही डबे सळसळत उतरले. ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या वाजवताना हात अजिबात थरथरत नव्हता.

हॉलमध्ये दुपारी मी पोचले तेव्हा सुमनवहिनी पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि परातेभाऊ टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. मी कौतुकानं एक इंजिन उचलायला गेले, तर देशकर नावाचे इंजिनियर, त्या मंडळींचे म्होरके, हळूच म्हणाले, "मॅडम, हात नाही." मला राग आला. एवढं काय मोठं?

परातेभाऊंचा नंबर आला. त्यांनी घसरगुंडी काढली, रुळावर ठेवली, ती डुगडुगली. पुन्हा ठेवली, पुन्हा डुगडुगली. घरचे रूळ उघडे होते. इथल्या रुळांच्या दोन्ही बाजूंना खरी वाटावी म्हणून बारीक गिट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर ती टेकेचना. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसानं हे धरलंच नव्हतं. डबा सोडला तर तो आडवा होऊन गिट्टीत पडला.

त्यांनी घसरगुंडी उचलून खिशात टाकली. टेबलाला एक चक्कर मारली. मग दुसरी. मला वाटलं, आता ते दारातून बाहेर निघून जाणार. पण ते आपल्या डब्यांपाशी येऊन उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "माहा हात हालते. पार्किन्सन हाय. वेळ लागन. थांबता काय?"

देशकरांनी फिरत असलेली एक्सप्रेस थांबवली, गाडीच्या मालकानं ती स्वतः उचलून बाजूला ठेवली. "थांबतो ना गा भाऊ," देशकर म्हणाले.

परातेभाऊंनी मान वळवून सुमनवहिनींकडे पाहिलं. त्या जराही दचकल्या नव्हत्या.

"तुले माहीत होतं काय वं?"

"डबा ठेवा आधी," वहिनी म्हणाल्या.

पहिला डबा. पुढची चाकं बसली, मागची उतरली. मागची बसली, पुढची उतरली. घाम आला. मला ते पाहवेना. मी देशकरांच्या कानाशी लागले, "अहो, धरा ना कुणीतरी! माणुसकी आहे की नाही?" ते टेबलावरची नजर न काढता म्हणाले, "मॅडम, डबा त्यायचा हाय." मी चरफडत मागं सरले. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं नाही, कुणी चहाला गेलं नाही. हॉलमध्ये एवढी माणसं आणि चाक रुळाला लागल्याचा आवाज ऐकू येत होता. पहिला बसला. दुसरा. तिसरा लवकर बसला, तेव्हा कुणीतरी श्वास सोडला. पाचवा बसेपर्यंत बाहेर ऊन उतरलं होतं.

देशकरांनी आपलं इंजिन पुढे लावलं आणि गाडी निघाली. जाड गजांची, वाकड्या रंगाची, हळू. एक फेरी झाली, दुसरी झाली. आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात परातेभाऊंनी हात वर केला. "चौथा झुकून राहिला," ते म्हणाले. कुणालाही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं. गाडी थांबवली, चौथा डबा उचलला, तळहातानं चासीवर दाबला, आणि पुन्हा रुळावर ठेवायला घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी लॅब विकून ती दोघं बंगलोरला मुलीकडे गेली. फोन येतो, हात कसा आहे ते विचारलं की विषय बदलतात. पण परातेभाऊ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या संध्याकाळचे, टेबलावर वाकलेले. हॉल बंद करायची वेळ झाली होती. शाळेचा चौकीदार किल्ल्या घेऊन आत आला. त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं पाहिलं ते एवढंच की एक म्हातारा माणूस थरथरत्या हातानं केव्हाचा एक डबा ठेवू पाहतोय आणि एवढी धडधाकट माणसं नुसती बघत उभी आहेत. भला माणूस तो, पटकन पुढे झाला आणि त्यानं हात घातला.

"हात लावू नका!"

अख्खा हॉल एकदम ओरडला. मीही. सगळ्यांत मोठा आवाज सुमनवहिनींचा होता. चौकीदार किल्ल्यांसकट मागं सरला. परातेभाऊंनी मान वर केली नाही, नजर चाकांवरच होती.

"थांब गा जरा," ते म्हणाले. "होऊन राहिलं."